वाडा, घाट आणि विहीर: चार बाय पाच इंची फिल्मवर वास्तूंचे कृष्णधवल चित्रण

जुन्या वाड्याचे छायाचित्र असे असावे, की उद्या तो वाडा पडला तर त्यावरून सुताराला महिरपीचा घाट आणि गवंड्याला दगडाचा सांधा वाचता यावा. सातारा जिल्ह्यातील वाई, मेणवली आणि लिंब या परिसरात मी गेली काही वर्षे चार बाय पाच इंचांच्या फिल्मवर कृष्णधवल चित्रे काढतो आहे, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो की कुठली तरी माडी उतरवलेली किंवा एखादी भिंत ढासळलेली आढळते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हापासून आपल्याकडे वास्तूंची चित्रे मोठ्या काचांवर घेतली गेली, आणि आज पडलेल्या किंवा बदललेल्या कितीतरी वास्तू त्या काचांमुळेच आपल्याला ठाऊक आहेत. तेच काम आपापल्या गावात कसे करावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

या कॅमेऱ्याची रचना साधी असते. पुढे भिंग बसवलेली पाटी, मागे घासलेली काच आणि दोहोंना जोडणारा भाता. मोनोरेल प्रकारचा, म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेला कॅमेरा स्वस्तात मिळतो, पण तो वाईच्या आळ्यांतून आणि घाटाच्या पायऱ्यांवरून वाहून नेणे त्रासाचे होते, म्हणून घडी होणारा फील्ड कॅमेरा घ्यावा. भिंगे दोन पुरतात: १५० मिलिमीटर आणि ९० मिलिमीटर नाभीय अंतराची (आकडा लहान तितका दृश्याचा जास्त भाग मावतो). एकच घेणे शक्य असेल तर मी ९० मिलिमीटरचे सुचवेन, कारण वाड्याच्या चौकात मागे सरायला जागाच नसते, आणि मोकळ्या जागी जास्तीचा भाग आला तर तो नंतर कापता येतो. मात्र भिंग घेताना त्याचे प्रतिमावर्तुळ, म्हणजे भिंग मागे टाकते त्या गोल चित्राचा व्यास, किती मोठे आहे ते विचारावे. चार बाय पाच इंची फिल्मचा कर्ण सुमारे १५३ मिलिमीटर भरतो. तेवढेच वर्तुळ असलेले भिंग जागचे हलवता येत नाही, आणि वास्तूच्या चित्रणात भिंग हलवता येण्यावरच सारे काम अवलंबून असते. वर्तुळ २०० मिलिमीटरच्या वर असेल तर निश्चिंत राहावे.

फिल्म होल्डरमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या चपट्या चौकटीत, भरावी लागते. एका होल्डरमध्ये दोन बाजूंना दोन फिल्म बसतात, म्हणजे सहा होल्डर घेतले की दिवसाची बारा चित्रे झाली, आणि एका वास्तूला तेवढी पुरे होतात. फिल्म भरण्याचे काम पूर्ण अंधारात करायचे असल्याने मी ते रात्री, दिवे मालवून आणि दाराच्या फटीला चादर लावून करतो. फिल्म उभी धरली आणि कडेवरची खाच वरच्या बाजूला उजव्या हाताच्या बोटाला लागली की रासायनिक थर आपल्याकडे तोंड करून आहे असे समजावे. डार्क स्लाइडची, म्हणजे फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पट्टीची, पांढरी कड बाहेर असेल तर फिल्म कोरी आणि काळी कड बाहेर असेल तर वापरलेली, हा संकेत जगभर पाळला जातो, आणि तो पहिल्या दिवसापासून पाळावा. भरण्यापूर्वी होल्डर ओल्या फडक्याने पुसून वाळवावेत, कारण धुळीचा एक कण निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका सोडतो आणि छापील चित्रात तो काळा उमटतो.

परवानगीचे काम आधी करावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूत तिवई लावायची असेल तर अगोदर लेखी अर्ज करावा लागतो. खासगी वाड्यात मालकांना आणि देवळात पुजाऱ्यांना किंवा गुरवांना प्रत्यक्ष भेटून, आपण काय आणि कशासाठी करणार आहोत ते सांगावे. गाभाऱ्याचे चित्र घेऊ नका असे सांगितले तर घेऊ नये. मी जाताना मागच्या खेपेचा एखादा छापील फोटो बरोबर नेतो, आणि तो पाहिल्यावर बहुतेक घरांतून मला माळ्यापर्यंत नेण्यात आले आहे.

हंगामाचा विचारही आधीच झालेला बरा. वाई साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि तेव्हा कोनाडे व कोरीवकाम यांच्या सावल्या सरळ खाली पडून आकार दिसेनासा होतो. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून ४८ ते ४९ अंशांवरच राहतो, हवा पावसाने धुतलेली असते आणि दगडावर तिरपे ऊन मिळते. त्यामुळे दिवाळीनंतरचे तीन महिने या कामासाठी राखून ठेवावेत. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली वाईत बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत, पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशाच्या आकाराची केलेली आहे. समोरून सपाट उजेड असताना ती भिंत साध्या भिंतीसारखीच दिसते. ऊन एका अंगाने आले आणि दुसरे अंग सावलीत गेले, की मधली धार स्पष्ट उठून दिसते. भिंतीवर ऊन तिरपे केव्हा येते, ते एक दिवस कॅमेरा न नेता पाहून यावे आणि घड्याळाची वेळ लिहून ठेवावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वास्तूच्या उभ्या रेषा चित्रात उभ्याच राहिल्या पाहिजेत. कॅमेरा वर करून शिखर टिपले की शिखर मागे कलंडल्यासारखे दिसते आणि त्या चित्रावरून कोणतेही माप घेता येत नाही. उपाय असा, की कॅमेऱ्याची मागची पाटी, म्हणजे घासलेली काच, ओळंब्यात ठेवावी आणि भिंग तेवढे वर उचलावे. मी गवंड्याकडची छोटी पाणसळ मागच्या पाटीला लावून पाहतो, कारण कॅमेऱ्यावर बसवलेल्या बुडबुड्यांवर माझा भरवसा नाही. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर खालच्या पायरीवर उभे राहिले की मेणेश्वराच्या शिखराचा कळस चौकटीबाहेर जातो. काचेवर सारे उलटे दिसत असल्याने कळस खालच्या कडेला कापला गेलेला दिसतो. ९० मिलिमीटरच्या भिंगाने १५ मीटर अंतरावरून भिंग २० मिलिमीटर उचलले तर दृश्य सुमारे ३.३ मीटर वर सरकते. काळ्या कापडाखाली डोके घालून डाव्या हाताने भिंगाची पाटी हळूहळू वर घेतली, की कळस काचेत सरकत येतो आणि पायऱ्यांचा रिकामा भाग त्याच मापाने बाहेर जातो. दगडाच्या कडा मात्र काचेवरच्या आखीव चौकडीशी समांतरच राहतात. हा अनुभव प्रत्येकाने एकदा स्वतः घ्यावा. भिंग फार उचलले गेले तर काचेचे कोपरे काळे पडतात, म्हणून चारी कोपरे भिंगातून मोकळे दिसतात ना, ते भिंगाचे छिद्र लहान करून तपासावे.

एखाद्या दर्शनी भिंतीचे नोंदीसाठी समोरून चित्र घ्यायचे असेल तर काच त्या भिंतीशी समांतर हवी. त्यासाठी तिवईपासून भिंतीच्या दोन्ही टोकांपर्यंत टेपने अंतर मोजावे आणि ती सारखी येतील अशी तिवई सरकवावी. मग काचेवरच्या आडव्या रेषेशी जोत्याची रेषा जुळते का ते पाहावे. एका चित्रात, कोपऱ्यात, मीटरभर लांबीची काळी-पांढरी पट्टी उभी ठेवावी. पट्टी असलेले चित्र दिसायला थोडे कोरडे वाटते, पण वाड्याची दुरुस्ती करणाऱ्याला तेच उपयोगी पडते.

फोकस करताना कापड बाहेरून पांढरे आणि आतून काळे असेल तर उन्हात जीव कासावीस होत नाही. भिंग पूर्ण उघडे ठेवून चार पट मोठे दाखवणाऱ्या लूपने (छोट्या भिंगाने) काचेवर पाहावे. ओसरीच्या खांबांची रांग तिरपी दूर जात असेल तर पुढची पाटी त्या दिशेला किंचित वळवली, की जवळचा खांब आणि शेवटचा खांब दोन्ही एकदम रेखीव होतात. फरसबंदीसाठी पाटी पुढे झुकवतात, तेच तत्त्व येथे उभ्या पातळीत लागू होते. पण घाई करून दोन्ही हालचाली एकदम करू नयेत. एक करावी, पाहावे आणि पुरेसे वाटले तर थांबावे. नंतर छिद्र एफ/२२ वर आणावे (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान). एफ/४५ पर्यंत जाण्याची मला गरज वाटत नाही, कारण तितक्या लहान छिद्राने प्रकाशाचे विवर्तन (कडेशी पसरणे) वाढते आणि दगडाची पोत मऊ पडते.

प्रकाश मोजण्यासाठी स्पॉट मीटर, म्हणजे एका लहानशा जागेचाच उजेड मोजणारा मीटर, वापरावा. मीटर ज्यावर रोखाल ते मधल्या करड्या रंगाचे होईल असेच उत्तर तो देतो, त्याला समोर काळा पाषाण आहे की चुना फासलेली भिंत आहे हे कळत नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट मीटरच्या सांगण्याप्रमाणे टिपला तर सिमेंटसारखा दिसतो, आणि आपल्याकडच्या देवळांच्या कितीतरी चित्रांत हाच दोष असतो. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी बसवलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक दिलेले असतात, आणि मधला करडा हा पाचवा झोन आहे. उन्हातला कोरडा बेसॉल्ट मी चौथ्या झोनमध्ये ठेवतो आणि ज्या सावलीत अजून तपशील दिसायला हवा ती तिसऱ्या झोनमध्ये. पाचव्यापासून तिसरा दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), एवढेच गणित. एक उदाहरण देतो. ओसरीत तुळईखालच्या अंधारात मीटरने एफ/२२ ला ८ सेकंद सांगितले. ती सावली तिसऱ्या झोनमध्ये हवी म्हणून दोन स्टॉप कमी, म्हणजे २ सेकंद. पिवळा फिल्टर लावला असेल तर एक स्टॉप वाढवून ४ सेकंद. मात्र सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलता उताराला लागते, आणि त्याची भरपाई करावी लागते. इलफर्डच्या एफपी४ प्लस या फिल्मसाठी मोजलेल्या सेकंदांचा १.२६ हा घात घ्यायचा असतो: ४ सेकंदांचे जवळजवळ ६, १० चे १८ आणि ३० चे ७३. मी हा तक्ता होल्डरच्या पिशवीच्या झाकणाला चिकटवून ठेवला आहे.

जवळून तपशील टिपताना आणखी एक भरपाई विसरली जाते. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा मेणवलीच्या घाटावर आहे. तिच्यावरचे उठावाचे काम घ्यायला गेलो तेव्हा १५० मिलिमीटरच्या भिंगासाठी भाता २१० मिलिमीटरपर्यंत ताणावा लागला. २१० ला १५० ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा. येथे तो जवळपास २ येतो, म्हणजे ताणलेल्या भात्यामुळे फिल्मवर उजेड निम्माच पोहोचतो आणि वेळ दुप्पट लागतो.

फिल्टरविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. काळा पाषाण हा मुळातच करडा असल्याने रंगीत फिल्टरने त्याचा स्वभाव बदलत नाही. बदलते ते त्याच्यामागचे निळे आकाश. पिवळ्याला एक, नारिंगीला दोन आणि लालला तीन स्टॉप वाढवावे लागतात. लाल फिल्टरने आकाश जवळजवळ काळे होते आणि पाषाणाचे शिखर त्यात बुडून जाते, म्हणून घाटावर मी पिवळ्याच्या पुढे जात नाही. उलट जिथे दगड आणि वीट एकत्र आहेत, जसे पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटात खाली दगड आणि वर विटा आहेत, तिथे नारिंगी फिल्टरने विटा उजळतात आणि दोन्ही बांधकामे वेगळी वाचता येतात. कोकणातला जांभा याच कारणाने लाल फिल्टरखाली फिका पडतो. अजून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उघड्या आकाशाखालच्या सावलीत उजेड निळसर असतो, आणि पिवळा किंवा नारिंगी फिल्टर तो निळा उजेडच अडवतो, त्यामुळे सावल्या हिशेबापेक्षा जास्त काळ्या येतात. अशा वेळी अर्धा स्टॉप अधिक द्यावा.

वाड्याच्या आतील चित्रणात माझा पहिला मोठा तोटा लाकडी माडीवर झाला. सुरूदार खांबांच्या एका दालनाचे ७३ सेकंदांचे चित्र चालू असताना जिन्यावरून कोणीतरी वर आले, फळ्या किंचित दबल्या, आणि धुतलेल्या निगेटिव्हमध्ये प्रत्येक खांबाला दुसरी फिकट कड आलेली दिसली. मी कोणालाही थांबायला सांगितले नव्हते, चूक माझीच होती. तेव्हापासून तिवईचे पाय फळीच्या मध्यावर न ठेवता खालची तुळई जिथून जाते त्या रेषेवर किंवा भिंतीलगत ठेवतो, जिन्याशी एक माणूस उभा करतो, आणि स्वतः केबल दाबून होईपर्यंत जागचा हलत नाही. शक्य असेल तिथे तिवई दगडी जोत्यावरच घ्यावी. शेजारपाजारची मुले येऊन विचारतातच. त्यांना चित्र घेण्याआधी कापडाखाली उलटा वाडा पाहू द्यावा, मग ती आपणहून बाकीच्यांना गप्प बसवतात.

लिंबची बारा मोटेची विहीर हा या भागातला सर्वांत अवघड विषय आहे आणि मला सर्वांत प्रिय. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ म्हणजे १७१९ ते १७२४ दरम्यान, विरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी, सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल आहे. अडचण अशी की वरच्या काठावर लख्ख ऊन आणि आत, पाण्याजवळच्या कमानीत, संध्याकाळ असते. मी सावलीचा तिसरा झोन धरून मीटर काठाच्या दगडावर फिरवला तेव्हा तो सहा स्टॉप वर निघाला, म्हणजे ते दगड नवव्या झोनमध्ये, जवळपास कोरे पांढरे. पोत दिसायला सातवा झोन हवा. अशा वेळी सावलीसाठी पुरेपूर वेळ द्यावा, उलट अर्धा स्टॉप वाढवावा, आणि डेव्हलपमेंट सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी करावी. सावल्या एक्सपोजरने, म्हणजे फिल्मला दिलेल्या उजेडाने, ठरतात आणि उजळ भाग डेव्हलपमेंटने, हे तत्त्व या विहिरीत जितके पटते तितके दुसरीकडे कुठे पटले नाही. याहून चांगला मार्ग म्हणजे ढगाळ दिवस गाठणे. त्या दिवशी हाच फरक चार स्टॉपवर येतो आणि नेहमीचीच डेव्हलपमेंट चालते. वरून खाली पाहताना कॅमेरा वाकवू नये. काच ओळंब्यातच ठेवून भिंग खाली उतरवावे.

प्रत्यक्ष चित्र घेण्याचा क्रम ठरलेला असावा आणि तो दर वेळी मनातल्या मनात म्हणावा. फोकस, छिद्र, वेळ, शटर बंद, होल्डर आत, स्लाइड बाहेर, क्षणभर थांबणे, शटर, स्लाइड काळी कड बाहेर ठेवून आत. शटर उघडे असताना स्लाइड ओढली की फिल्म गेली.

घरी डेव्हलपिंगसाठी डी-७६ हा डेव्हलपर किंवा त्याच जातीचा आयडी-११ एकास एक पाण्यात मिसळून वापरतो. २० अंशांना एफपी४ प्लसला ११ मिनिटे लागतात. आपल्याकडे मार्चनंतर नळाचे पाणी २८ अंशांच्या वर असते, तेव्हा बर्फाच्या पिशव्या ठेवून सर्व पाणी २४ अंशांवर आणावे आणि वेळ साडेसात मिनिटांच्या आसपास धरून स्वतःच्या चाचणीने नक्की करावा. पाच मिनिटांखाली जाऊ नये, कारण मग फिल्म सारखी उमलत नाही आणि आकाशात पट्टे दिसतात. डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानात फार फरक नसावा. बोअरच्या पाण्याने शेवटची धुलाई केली तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्यावे. फिल्म न्हाणीघरात, पंखा बंद ठेवून, एका कोपऱ्याला चिमटा लावून वाळवावी.

साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयने एका फिल्मची ९६०० बाय १२००० पिक्सेलची प्रत मिळते आणि पडद्यावर मोठी केली की चुन्याचे सांधे दगडागणिक मोजता येतात. तरीही एक कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह कागदाला चिकटवून काढलेली तेवढ्याच आकाराची प्रत, काढावी आणि ती मालकांना द्यावी. निगेटिव्ह पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नयेत. आम्लरहित कागदाचे किंवा पॉलिएस्टरचे पाकीट घ्यावे, आणि पावसाळ्यात लोखंडी कपाटात सिलिका जेल बदलत राहावे, नाहीतर भिंगाला लागते तीच बुरशी फिल्मलाही लागते. पाकिटावर गाव, वास्तू, चौक, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते ती दिशा, तिवईपासून भिंतीचे अंतर, भिंग, तारीख आणि वेळ पेन्सिलीने लिहावी, आणि हे सर्व निगेटिव्ह आत घालण्याआधी लिहावे, म्हणजे पेन्सिलीचा दाब फिल्मवर उमटत नाही.